कुंभारणीचं तोंड

नाकतोडा माझ्यामुळे मेला. हेतू वाईट नव्हता. उलट खराब होऊ नये म्हणूनच मी त्याला फ्रीझरमध्ये ठेवला.

दोन हजार अकरा साल. गणपती नुकतेच गेले होते. मी द्रोणागिरीच्या एका गोदामात रात्रपाळी करायचो. घर पेणला, पण कंपनीची बस सुटायची पनवेलहून, म्हणून शांतीमावशीकडे नुकताच मुक्काम ठोकलेला. एका सकाळी कामावरून आलो, पाण्यासाठी फ्रीज उघडला, तर दारात आइस्क्रीमचा जुना डबा. दुधी प्लास्टिकमधून आत काहीतरी तपकिरी दिसत होतं. मावशीचं माहेर उरणच्या खाडीपट्ट्यातलं चिरनेर. तिच्या घरात डब्यात तपकिरी काही असलं तर ते समुद्रातूनच आलेलं असणार. मी ठरवून टाकलं की ही कोलीम, म्हणजे बारीक जवळा. झाकणाला भोकं पाडलेली होती, ती वास जायला असतील असंही मीच ठरवलं. डबा वर फ्रीझरमध्ये सरकवला आणि घरासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात झोपलो.

दुपारी उठलो तेव्हा मावशी शेगडीवर कांदा परतत होती. डबा फ्रीझरात म्हणजे आत म्हावरं, हे गणित तिचंही. तिने झाकण काढलं, मूठभर घ्यायला हात घातला आणि थांबली.

"धन्या," ती म्हणाली, "ह्या कोलमीला गुडघं कसं रं?"

मी हसत उठून गेलो. डबा तिच्या नाकासमोर होता, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. आत चार गवताच्या काड्या आणि बोटाएवढा नाकतोडा, मिशांवर बर्फ. आणि मावशी अजून बोटांनीच चाचपत होती. माझं हसू तिथंच राहिलं. साखरेने तिचे डोळे अधू झालेत हे मला माहीत होतं. किती, ते त्या दुपारी कळलं.

तेवढ्यात जेवायला काका आले. कमळाकरकाका, मावशीचे यजमान. पुढच्या खोलीत त्यांचा कमळ फोटो स्टुडिओ आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. त्यांनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"दहा मिनिटं गार करायचा होता रे त्याला. गार झाला की गप बसतो, मग फोटो काढून सोडून द्यायचा."

"दहा मिनिटं? काका, तो रात्रभर दारात होता."

"पासपोर्ट फोटोवाले आले, राहून गेलं," काका म्हणाले आणि आवाज एकदम खाली आला, कारण मावशीने शेगडी बंद केली होती. मावशी शेगडी बंद करते तेव्हा निकाल लागतो.

"माज्या फ्रीजमंदी आता जितं काय ठेवायचं नाय," ती म्हणाली. "फोटो काढायचा तर हलता काढा. हळदीत नाचनारी मानसं येतात तुमाला काढता, नि ह्यो किडा येत नाय?"

नाकतोड्याला तिने तुळशीच्या कुंडीत पुरलं. आम्हाला कांदाभाकर मिळाली.

काकांविषयी सांगायला पाहिजे. ते मूळचे पनवेलजवळच्या विचुंब्याचे. भातशेती गेली आणि तिथं इमारती आल्या तेव्हा आलेल्या पैशांत भावांनी गाड्या घेतल्या, काकांनी लेन्स घेतल्या. भाऊ अजून ही गोष्ट लग्नकार्यात सांगून हसतात. पनवेलच्या आसपासच्या गावांतली अर्धी लग्नं काकांच्या अल्बममध्ये बंद आहेत. त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. काउंटरवरची शुद्ध: "हनुवटी किंचित खाली घ्या, ताई, सुंदर." आणि पडद्यामागची विचुंब्याची, मावशीसाठी. किडे काढायला लागल्यावर कुठली वापरावी हा त्यांना पेच पडला असावा, पण शेवटी त्यांनी किड्यांना गिऱ्हाइकात धरलं. मुंगीसमोर उकिडवे बसून "जरा इकडे बघा, मॅडम" म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

हे खूळ सुरू झालं तांदळापासून, मी मुक्कामाला यायच्या आधी. मावशी तांदूळ निवडत होती आणि तिला कोंडा कुठला नि किडा कुठला कळेना. ती ताट नुसतं बाजूला सारून बसली. काकांनी ताटातला एक किडा उचलला, पुढं नेला, फोटो काढला आणि स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर पडदाभर मोठा करून तिला बोलावलं. मावशीचा उजवा डोळा जवळजवळ गेलेला, डावा धुक्यातला. पण मागून उजेड असलेली मोठी वस्तू तिला मान तिरकी केली की दिसायची. तिने मान तिरकी केली.

"अगो बाय, ह्याला सोंड हाय," ती म्हणाली. "इतकी वर्सं ह्याला उनात टाकून मारत आलो, नि ह्यो गनपतीच्या सोंडंचा."

त्या दिवसापासून काका तिला किडे मोठे करून दाखवायला लागले. लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्याच होत्या. हळदीत आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. वेळ होता. डासाच्या पायांवरचे पट्टे झाले, मुंगळ्याच्या मिशा झाल्या, झुरळ दाखवलं तेव्हा मावशीने "ह्ये न्हवतं बघायचं" म्हणून पाठ फिरवली. पण हे सगळे किडे बसलेले, गारठलेले किंवा आळशी. फ्रीजबंदीनंतर प्रश्न आला तो खरा हलणाऱ्यांचा.

आणि मावशीने मागितली ती नेमकी कुंभारीण.

कुंभारीण सगळ्यांनी पाहिलेली असते. बारीक कंबरेची ती माशी, जी चिखलाच्या गोळ्या आणून भिंतीवर, खिडकीवर, क्वचित टीव्हीच्या मागे आपलं मातीचं घर थापते. त्या वर्षी तिने स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत बांधकाम काढलं होतं. मावशीला ती दिसायची नाही, ऐकू यायची.

"दरसाल माज्या घरात घर बांधते," मावशी म्हणाली. "लगीन होऊन आले तवापासून. पन तोंड म्हनून दाखवलं नाय कदी. बसली तर बघनार ना. मला तिचं तोंड बघायचंय."

काकांनी लगेच होकार दिला नाही. दसरा झाला की मावशीच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आत रक्त साचलं होतं, ते काढायचं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की दिसतंय तेवढं टिकवायला हे करावं लागेल, आणि तरी टिकेल याची खात्री देता येत नाही. म्हणजे मावशी जे मागत होती ते दसऱ्याच्या आत मागत होती. काकांनी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावली.

आता थोडं तांत्रिक, पण मला समजलं म्हणजे कुणालाही समजेल. लहान गोष्ट मोठी दिसावी म्हणून काका लेन्स उलटी लावायचे. त्यासाठी एक साधी रिंग मिळते. उलट्या लेन्समधून मुंगी मांजराएवढी होते, पण दोन भानगडी. एक, तांदळाच्या दाण्याइतकं पुढंमागं झालं की चित्र धुरकट, आणि फोकससाठी फिरवायला काही उरत नाही, आपणच झुलायचं. दुसरी, आत उजेड इतका कमी की डोळा लावणाऱ्याला अंधाऱ्या खोलीत बघितल्यासारखं वाटतं. बसलेल्या किड्याला हे चालतं. कुंभारीण बसत नाही.

चार दिवस काका खिडकीसमोर स्टुलावर झुलत होते. पोट हीच त्यांची तिपाई. श्वास सोडला की पुढे, घेतला की मागे. कुंभारीण यायची, काकांचं कपाळ हेरायची, वळसा घालून कामाला लागायची. फोटो निघायचे आणि सगळ्या फोटोंत तिची पाठ. पाठ सुरेख होती, त्यात वाद नाही. पण घर थापताना ती भिंतीकडे तोंड करून असते. एकदा तिने लेन्सच्या काचेवरच चिखलाची गोळी टेकवून बघितली. काकांना वाटलं, तोंड मिळालं. मिळालं ते पोट.

"जागा चांगली आहे म्हणते," मी म्हणालो. "तिथंच बांधू द्या. घरात घर."

"तू झोप. रात्रपाळीवाल्याने दिवसा बोलू नये."

मी झोपलो नाही. मला वाटलं, यात इतकं काय. इंटरनेटवर कुंभारणीची तोंडं पोत्याने पडलेली असतात. एक छान फोटो उचलला, परदेशातल्या कुणीतरी काढलेला, अगदी पापणी असती तर मोजता आली असती असा. काका बाहेर गेल्याचं बघून पडदाभर लावला आणि मावशीला आणून बसवलं.

"घे मावशी. बघ तुझी कुंभारीण."

मावशीने मान तिरकी केली. खूप वेळ बघितलं. तिचा चेहरा उजळायला लागला होता, हे मी अजून विसरलेलो नाही. तेवढ्यात काका दारात. त्यांनी पडद्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं.

"शांते," ते म्हणाले, "ही आपली नाय."

"धन्या बोल्ला आपली."

"धन्या गोदामात काम करतो. त्याला खोकी सगळी सारखी." मग माझ्याकडे वळून, काउंटरच्या मराठीत, हळू: "एका नवरीच्या अल्बममध्ये दुसरी नवरी घालतोस तू. मंडप तोच, साडी तशीच. तिच्या आईला कळत नाही का?"

मी फोटो बंद केला. मावशी उठली आणि जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत नीट. ताटात बोट फिरवत म्हणाले, "पाठच देते गो ती. मी काय करू?"

मावशी भाकरी थापत होती, आमच्याकडे पाठ करून. तशीच म्हणाली, "घरात बाई पाठच देनार. कामात अस्ते ती. चुलीसमोर मान वळवून तुमाला कोन बघत बसेल? आमच्या चिरनेरला पोरीचं तोंड बघायचं तर पोरं विहिरीवर जायची. घराशी जाऊन उपेग नाय. ती माती कुटनं आनते ते बघा."

काकांचं बोट ताटातच थांबलं. मला वाटतं ते चुलीसमोरच्या पाठीकडे बघत होते. मग म्हणाले, "मोरीतनं."

मागच्या दारी, नळाखाली भांडी घासायची मोरी होती आणि तिच्या कडेला कायम ओला राहणारा मातीचा तुकडा. दुसऱ्या दिवशी काका तिथं पालथे पडले. लेन्स त्या ओल्या मातीवर रोखलेली, कोपरं चिखलात. हळदीतली त्यांची युक्तीच ही. नाचणाऱ्याच्या मागे पळायचं नाही, तो फिरून कुठं येतो ते बघायचं आणि तिथं आधीच नेम धरून थांबायचं. मी शेजारी परात धरून, उजेड पाडायला. मावशी भांडी घासायच्या दगडावर.

पहिली हजेरी लागली ती शेजारच्या वेणूवहिनींची. त्यांनी कुंपणावरून बघितलं: पोटावर पडलेले काका, हलत नाहीत, भाचा परात घेऊन उभा, बायको गप्प बसलेली.

"अगो शांती," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "रिक्षा बोलवू का गो?"

"नको गो. ते फोटो काढतात."

"कोनाचा?"

"कुंभारनीचा."

वेणूवहिनींनी रिक्षा बोलावली नाही, पण त्या आत जाऊन साखरपाणी घेऊन आल्या. कुणाला द्यावं ते न कळून माझ्या हातात दिलं.

कुंभारीण आली, पण काकांना कळलीच नाही. उलट्या लेन्समधला तो अंधार. डोळा काढून बघावं तर ती गेलेली, डोळा लावून बसावं तर कधी बसली पत्ता नाही. मी "आली, आली" म्हणेपर्यंत ती खिडकीत पोचायची. दोन-तीन फेऱ्या अशा फुकट गेल्यावर मावशी म्हणाली, "थांबा. तुमाला आवाज येत नाय का?"

"कसला?"

"उडते तवा येगळा. माती घेते तवा बारीक सूर लावते, गुनगुनल्यासारखा. गोळी झाली की सूर तोडते, मान वर करते नि मंग उडते. सूर तुटला की दाबा."

आम्ही दोघांनी कान लावले. मला पनवेलच्या रस्त्यावरच्या रिक्षांखेरीज काही ऐकू आलं नाही. काकांना एसटी स्टँडची घोषणा ऐकू आली, असं ते म्हणाले. मावशी दगडावरून उठली, चाचपत काकांच्या पायांशी खाली बसली आणि त्यांच्या उघड्या टाचेवर एक बोट टेकवलं.

"मी बोलेपरयंत जाईल ती. बोट उचललं की दाबा."

मग आम्ही थांबलो. ऊन चढलं. काकांच्या टाचेला भेगा होत्या आणि मावशीचं बोट त्यावर असं ठेवलेलं, जसं शिट्टी व्हायची वाट बघत कुकरच्या कडेला बसतात तसं, घाई नसलेलं. ती मान खाली घालून ऐकत होती. मला एकदम जाणवलं की मी इथं जास्तीचा आहे, पण परात माझ्या हातात होती.

कुंभारीण आली. मावशीच्या चेहऱ्यावरून मला कळलं. बसली असणार. बोट तसंच. मग बोट उठलं आणि काकांनी दाबलं.

"गेली," मावशी म्हणाली.

असं दुपारपर्यंत चाललं. कधी बोट लवकर उठलं, कधी काकांनी श्वास सोडला आणि पुढे गेले. एकदा मी परातीने उजेड थेट काकांच्या डोळ्यात पाडला. त्यावर जे बोलणं झालं ते विचुंब्याच्या मराठीत होतं. शेवटी काका उठले तेव्हा पुढून पूर्ण चिखलाचे होते. तसेच कॉम्प्युटरवर जाऊन बसले, मागे आम्ही.

धुरकट. धुरकट. अर्धा पाय. धुरकट. नुसती माती, फार स्पष्ट. आणि मग ती.

मान वर केलेली, समोर. दोन मोठे काळेभोर डोळे, राजम्याच्या दाण्यासारखे वाकलेले. त्यांच्या मध्ये पिवळा तुकडा, बारीक केसांची लव. आणि जबड्यात चिखलाची गोळी, ओली, चमकणारी, तिच्या तोंडाएवढी मोठी. गोळीत माझ्या परातीचा एक पांढरा ठिपका.

काकांनी ती पडदाभर केली आणि खुर्ची रिकामी करून दिली. मावशी बसली. मान तिरकी केली, जवळ गेली, मागे झाली. बाहेर एक पासपोर्टवाला काउंटरवर टकटक करत होता, त्याला काकांनी चिखलाच्या हातानेच थांबायची खूण केली.

"कपाळ लहान हाय," मावशी म्हणाली.

"हं."

"नि तोंड भरलेलं. म्हनून बोलत नाय कोनाशी." मग पुन्हा बराच वेळ बघून, "थकल्यावानी दिसते. पन टाकनार नाय ती गोळी."

"हनुवटी खाली घ्या म्हटलं होतं तिला," काका म्हणाले. "ऐकलं नाही." आणि डोळे पुसायला हात वर नेला, तो चिखलाचा होता हे विसरून.

दसरा झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मावशी स्वतःहून पुढच्या खोलीत आली आणि कुंभारीण परत लावायला सांगितली. बघून झालं. मग म्हणाली, "आता ह्यांचा लाव."

"कुणाचा?"

"तुज्या काकाचा. एवडाच मोठा."

मी शोधला. सगळा कॉम्प्युटर शोधला, मग कपाटातले अल्बम. हजारो माणसं, हजारो हनुवट्या. काकांचा एक धड फोटो नाही. लग्नातला होता, त्यात मुंडावळ्यांतून फक्त नाक दिसत होतं. बाकी कुठं आरशात कोपर, कुठं सावली.

मग मी कॅमेरा घेतला. काका निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसले, जिथं सगळं पनवेल बसून गेलंय, आणि पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकासारखे झाले. हात कुठं ठेवू विचारलं. पापण्या मिटल्या. मध्येच उठून माझा दिवा सरळ केला, बसले, मग शटर कुठलं ठेवलंस म्हणून परत उठले. मी दाबलं ते नेमकं तेव्हा.

मावशीसमोर मोठा करून लावला. तिने मान तिरकी केली.

"कान ह्यांचाच हाय," ती म्हणाली. "बाकी हललंय. ह्यो नको. नीट काढून दे मला."

"देतो, मावशी."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधीपेक्षा वाईट झालं नाही, आणि ते चांगलं आहे अशा आवाजात म्हणाले. पुढं तेवढं टिकलं. मोठं, जवळचं, मागून उजेड असलेलं तिला दिसतं अजून. कुंभारणीचा फोटो खिडकीशेजारी फ्रेम करून लावलाय. तिथं तो तिला दिसत नाही, पण आल्यागेल्याला ती दाखवते.

माझी बदली झाली आणि मी पेणला परतलो. काकांचा फोटो त्यानंतर मी कितीदा काढला असेल. लग्नात, दिवाळीला, एकदा माझ्या मुलाच्या बारशाला नवा मोबाइल घेऊन. दर वेळी ते काहीतरी सुधारायला पुढे येतात. मला वाटतं त्यांना समोरून उजेड सहन होत नाही, किंवा माझी पद्धत.

परवा गेलो तेव्हा मावशीने चहा टाकता टाकता विचारलं, "आनलास?"

मी मागच्या दारातून बघितलं. काका मोरीपाशी कसल्यातरी हिरव्या माशीमागे पालथे पडले होते, एक पाय हवेत.

"हलतायत अजून, मावशी," मी म्हणालो.

"हलू दे," ती म्हणाली. "पन ह्यांचा फोटो ऱ्हायलाय तुज्याकडं, ध्यानात असू दे."